तिला ‘शहाणी’ मी केलं

गेल्या महिन्यात एका विशेष शाळेत शिक्षिकांशी बोलण्यासाठी मला बोलावलं होतं. निवृत्त झाल्यापासून अशी बोलावणी अधूनमधून येतात. वर्गात शिरल्याशिरल्या भिंतीवरचा एक देखणा तक्ता दिसला. वर रंगीत अक्षरांत ‘आज मला कसं वाटतंय?’ आणि खाली सहा चेहरे : आनंदी, दुःखी, रागावलेला, घाबरलेला, चकित झालेला आणि शांत. सकाळी आल्यावर प्रत्येक मुलाने आपल्या नावाचा चिमटा आपल्याला वाटत असेल त्या चेहऱ्याखाली लावायचा, अशी योजना. वर्गात अकरा मुलं होती. अकराच्या अकरा चिमटे ‘आनंदी’खाली होते. कोपऱ्यात एक मुलगा कानांवर हात दाबून मागेपुढे झुलत होता. त्याचाही चिमटा ‘आनंदी’खालीच.

मी बाईंना विचारलं, “सगळे इतके खूश?”

त्या जरा ओशाळल्या. म्हणाल्या, “तुम्ही येणार होतात ना, म्हणून मीच लावले. नाहीतर मुलं कशीही लावतात हो.”

मला त्यांना काही बोलवेना. कारण माझ्या नोकरीची पहिली अनेक वर्षं मी याहून वेगळं काही केलं नव्हतं. मुलांचे चिमटे मीच लावत होते. आणि त्याची किंमत मी नाही, माझ्या वर्गातल्या एका मुलीने मोजली. ते आज लिहायचं आहे.

मी १९८८ साली विशेष शिक्षिका म्हणून कामाला लागले. त्या वेळी आम्ही सगळेच ‘मतिमंद’ म्हणत असू. आता बौद्धिक अक्षमता म्हणतो. शब्द बदलला हे बरं झालं. पण शाळेचा हेतू तेव्हा जो होता तोच आजही पुष्कळ ठिकाणी आहे : मूल ‘शांत’ व्हावं, ‘ऐकणारं’ व्हावं, चारचौघांत घेऊन जाण्याजोगं व्हावं. पालकांना हेच हवं असतं, संस्थाचालकांना हेच हवं असतं, आणि तीस पोरांच्या गोंगाटात डोकं उठलेल्या शिक्षिकेला तर हवंच असतं. त्यातून ‘शहाणी मुलगी’ नावाचं एक प्रशस्तिपत्र तयार होतं. सांगेल तिथे बसते, देईल ते खाते, कुणीही हात धरला की चालू लागते, ती शहाणी.

आता ती मुलगी. तिचं नाव मी लिहिणार नाही. साल २००४. वय पंधरा. दोन-तीन शब्दांची वाक्यं बोलायची. वडील नव्हते, आई चार घरची धुणीभांडी करायची. मुलगी शाळेच्या गाडीने यायची-जायची. गाडीवर चालकाखेरीज एक मदतनीस असे. तिला गाडीत बसायला फार आवडायचं. खिडकीची जागा मिळावी म्हणून ती घंटा व्हायच्या आधीच दप्तर भरून तयार असे.

दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा सुरू झाली आणि ती बदलली. साडेचार वाजले की फाटकाशी जमिनीवर बसकण मारायची, उठायची नाही, ओढलं तर स्वतःचं मनगट चावायची. आम्ही बैठक घेतली. कागदावर ‘वर्तनसमस्या’ असं लिहिलं. आणि मी, माझ्या शिक्षणाप्रमाणे, एक योजना आखली. न चावता गाडीत बसली की एक चांदणी. पाच चांदण्या झाल्या की टिकल्यांचं पाकीट. तिला टिकल्यांचं वेड होतं.

तीन आठवड्यांत ती गुमान गाडीत बसू लागली. मी तिच्या प्रगतिपुस्तकात लिहिलं, ‘वर्तनात समाधानकारक सुधारणा.’ ते वाक्य माझ्या अक्षरातलं आहे.

जानेवारीत एका सकाळी तिची आई शाळेत आली. अंघोळ घालताना मुलीच्या मांड्यांवर वळ दिसले होते. मुलीला विचारलं तर ती एवढंच म्हणाली होती, “गाडी. काका.” मदतनीस सगळ्यांना शेवटी सोडायचा क्रम असा लावायचा की ही एकटी उरायची. आई रडत नव्हती, ओरडत नव्हती. ती माझ्याकडे बघून म्हणाली, “बाई, ती सांगत होती ना?”

हो. ती सांगत होती. रोज दुपारी साडेचार वाजता, फाटकाशी बसून, मनगट चावून सांगत होती. आणि तिने सांगणं थांबवावं म्हणून मी तिला चांदण्या देत होते.

पुढचं थोडक्यात सांगते, कारण ते तुम्हाला ओळखीचं आहे. चौकीवर तीन तास बसवून ठेवलं. “हिला काही विचारून उपयोग आहे का?” असं आम्हाला विचारलं गेलं, तिच्या देखत. संस्थेला नावाची काळजी होती. मदतनिसाला कामावरून काढलं आणि प्रकरण मिटलं असं सगळ्यांनी ठरवलं. आईने मुलीला शाळेतून काढलं. मी मात्र त्याच शाळेत पुढे नोकरी केली, हेही सांगून टाकते.

माझी चूक अज्ञानाची होती असं म्हणून मला सुटता येत नाही. १९८५ साली अमेरिकेत एडवर्ड कार आणि मार्क ड्युरँड या दोघांनी असाच प्रश्न हाती घेतला होता. मूल स्वतःला चावतं, फेकाफेक करतं, त्यातून त्याला काय मिळवायचं असतं, कोणाचं लक्ष की एखाद्या अवघड कामातून सुटका, हे त्यांनी आधी शोधलं. मग तेच मागण्यासाठी मुलांना शब्द शिकवले. शब्द मिळाले आणि चावणं, फेकणं कमी झालं. म्हणजे ज्याला आपण वर्तनसमस्या म्हणतो ते पुष्कळदा बोलणंच असतं. तोंडाने बोलता येत नाही म्हणून दातांनी बोललेलं. माझ्या पिढीतल्या आम्हा शिक्षिकांपर्यंत यातलं निम्मंच पोचलं. बक्षीस द्यायचं, हे आम्ही शिकलो. आधी विचारायचं, हे राहूनच गेलं.

आणि दुसरी चूक त्याहून मोठी. मी तिला राग, भीती, किळस यांचे शब्दच दिले नव्हते. आमच्या वर्गात ‘भावना’ हा विषय होता! बुधवारी चौथ्या तासाला. आनंदी चेहरा, दुःखी चेहरा, गाणं, टाळ्या. रागाचं चित्र आलं की आम्ही म्हणत असू, “राग करायचा का? नाऽऽही!” मुलं एकसुरात “नाऽऽही” म्हणत. रागाचं एवढंच शिक्षण.

मैत्रिणींनो, हे ऐकून तुम्हाला स्वतःचं बालपण आठवलं नाही का?

आपल्या मराठी भाषेत एक गंमत आहे. भावना आपण ‘करत’ नाही. त्या आपल्याला ‘येतात’, ‘वाटतात’. मला राग आला, मला भीती वाटली, मला रडू आलं. जशी शिंक आली, जशी भूक लागली. शिकवणारीला हे व्याकरण फार उपयोगी पडतं. राग आला म्हणजे तू वाईट नाहीस. शिंकेसारखा आला, येतो तसा जाईल, आला की सांग. पण मुलींशी बोलताना आपण व्याकरणच बदलतो. ‘रागावायचं नाही’, ‘घाबरायचं नाही’, ‘रडायचं नाही’. जे तिला आलं, तो तिने केलेला गुन्हा होतो.

एक भावना मात्र आपण मुलींना सर्वांत आधी आणि सर्वांत नीट शिकवतो. ती म्हणजे लाज. चार शब्द बोलणारी मुलगीसुद्धा फ्रॉक वर गेला की ‘शेम शेम’ म्हणते. तिला ‘किळस’ हा शब्द कोणीही दिलेला नसतो. फरक केवढा आहे बघा. लाज वाटली तर दोष आपला, आणि लपायचं आपण. किळस आली तर दोष समोरच्याचा, आणि दूर व्हायचं त्याने. आपल्या मुलींच्या हातात आपण नेमकं उलट हत्यार देतो.

चळवळीतल्या जुन्या मैत्रिणींना मथुरा खटला आठवत असेल. १९७२ साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर पोलिसांनी बलात्कार केला आणि १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने दोघांनाही निर्दोष सोडलं. तिच्या अंगावर जखमा नव्हत्या, तिने प्रतिकार केल्याचं दिसत नव्हतं. त्यावर १९७९ साली उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लतिका सरकार यांनी सरन्यायाधीशांना जाहीर पत्र लिहिलं. शरण जाणं म्हणजे संमती नव्हे, हा त्या पत्राचा गाभा होता. त्यातूनच देशभर बलात्कारविरोधी आंदोलन उभं राहिलं, १९८३ साली कायदा बदलला. २०१३ च्या दुरुस्तीत तर संमतीची व्याख्याच आली : शब्दांनी, खुणांनी किंवा इतर कोणत्याही रीतीने स्पष्टपणे व्यक्त झालेली, स्वेच्छेची तयारी. अंगाने प्रतिकार केला नाही, एवढ्यावरून संमती होती असं धरता येत नाही.

म्हणजे न्यायालयाला आपण जे चार दशकं सांगत आलो, त्याच्या नेमकं विरुद्ध शिक्षण विशेष शाळांमधून दिलं जात होतं. तिथे आम्ही शरण जाणं शिकवत होतो. त्याला चांदण्या देत होतो.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. विशेष मुलांना भावना ओळखायला आणि बोलून दाखवायला शिकवणं हा गाण्या-टाळ्यांचा हलकाफुलका तास नाही. तो हक्काचा प्रश्न आहे. आणि त्याची सुरुवात ‘आनंदी’ने करायची नाही, सुरुवात ‘नको’ने करायची. राग, भीती, किळस, दुखतंय, थांब, मला इथून जायचंय, हे शब्द आधी. आनंद आपोआप दिसतो, त्याला शब्द उशिरा मिळाला तरी फारसं बिघडत नाही. भीतीला शब्द उशिरा मिळाला तर काय होतं ते मी वर लिहिलंच आहे.

हे कसं करायचं, ते मी पुढच्या वर्षांत चुकतमाकत शिकले. आयांनी शिकवलं, मुलांनी शिकवलं. त्यातलं थोडं सांगते.

पहिली गोष्ट, छापील चेहऱ्यांवर विसंबू नका. गोल पिवळा हसरा चेहरा आणि माणसाचा चेहरा यांचं नातं पुष्कळ मुलांना लागत नाही. शिवाय चेहरे फसवतात. माझ्या वर्गातली एक मुलगी घाबरली की हसायची. तिला आम्ही दोन वर्षं ‘हसरी’ म्हणत होतो. डेमियन मिल्टन या स्वतः स्वमग्न असलेल्या ब्रिटिश अभ्यासकाने २०१२ साली एक मुद्दा मांडला : स्वमग्न माणसांना इतरांच्या भावना कळत नाहीत असं आपण म्हणतो, पण इतरांनाही त्यांच्या भावना कळत नाहीत, दरी दोन्ही बाजूंनी आहे. हे वाचल्यावर मला आमची ‘हसरी’ आठवली. तिला आमचे चेहरे वाचायला शिकवायचा आम्ही आटापिटा केला. तिचा चेहरा वाचायला आम्ही कोणी शिकलो नाही.

म्हणून शब्द प्रसंगातच द्यायचा, त्याच क्षणी. “तुझी मूठ घट्ट झालीय. त्याने डबा ओढला. तुला राग आलाय.” एवढंच. उपदेश नाही, ‘पण’ नाही.

दुसरी गोष्ट, शरीरापासून सुरुवात करा. आपल्या भाषेत भावना अंगावरच लिहिलेल्या आहेत : छातीत धस्स होतं, पोटात गोळा येतो, हातपाय गळतात, अंगावर काटा येतो. पण हे वाक्प्रचार जसेच्या तसे वापरायचे नाहीत. एका स्वमग्न मुलाला मी “पोटात गोळा आला का?” असं विचारलं, तर त्याने सदरा वर करून पोट तपासलं! तेव्हापासून मी त्याचा हात त्याच्याच छातीवर ठेवायला सांगते : “धडधडतंय? ही भीती.” मोठ्या कागदावर मुलाला झोपवून त्याच्या अंगाभोवती रेघ काढायची, आणि कुठे काय होतं ते त्याने रंगवायचं. किती होतंय हे सांगायला मी घरातली भांडी वापरते : वाटीएवढा राग, तांब्याएवढा राग, बादलीएवढा राग. आकडे न कळणाऱ्या मुलीलाही बादली कळते.

तिसरी गोष्ट, जी मुलं बोलत नाहीत त्यांनाही ‘नको’ हवा. चित्राचं कार्ड, हाताची खूण, मान फिरवणं, फोनवरचं बटण, काहीही चालेल. पण घरात आणि शाळेत तेच आणि सगळ्यांना ठाऊक असलेलं. आणि ती कार्डं मुलाच्या हाताशी असली पाहिजेत. किती शाळांत ती छान आवरण घालून कपाटात कुलूपबंद असतात, तपासणीच्या दिवशी निघतात! कुलपात ठेवलेला ‘नको’ काय कामाचा?

चौथी गोष्ट सर्वांत अवघड. ‘नको’ म्हटल्यावर काहीतरी थांबलं पाहिजे. मूल ‘नको’ म्हणतं आणि जग तसंच चालू राहतं, तर चार दिवसांत ते म्हणणं सोडून देतं. आम्ही आयांबरोबर ठरवलं : पंधरा दिवस, जिथे धोका नाही तिथे प्रत्येक ‘नको’ मानायचा. दोडक्याची भाजी नको, मानला. बांगड्या नकोत, मानला. मामाच्या मांडीवर बसायचं नाही, मानला, मग मामा रुसला तरी चालेल. यावर घराघरांत भांडणं झाली. जिथे मानता येत नाही तिथे खोटं बोलायचं नाही. “तुला इंजेक्शन नको आहे, मी ऐकलं. तरी घ्यावं लागेल. कोणत्या हातावर घ्यायचं ते तू सांग.” ऐकलं आहे, हे तरी तिला कळलं पाहिजे.

पाचवी गोष्ट, अवयवांना नावं द्या. ‘शूची जागा’, ‘तिथे’, ‘खाली’ यांवर आपला कारभार चालतो. जिला नाक, कान, गुडघा म्हणता येतं, तिला योनी आणि स्तन यांच्यासाठीही शब्द हवेत. घरचा शब्द चालेल, पण ठरलेला. चांगला स्पर्श, वाईट स्पर्श हे धडे आता सगळीकडे चालतात. पण ज्या मुलीला ‘मला कसंतरी होतंय’ हेच सांगता येत नाही, तिने वाईट कशावरून ठरवायचं?

आणि हे फक्त मुलींपुरतं नाही. बालकांच्या शोषणाबद्दल केंद्र सरकारने २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, लैंगिक अत्याचार झाल्याचं सांगणाऱ्या मुलांमध्ये निम्म्याहून अधिक मुलगे होते. मुलग्याचा राग घरात खपवून घेतला जातो, त्याची भीती नाही. “मुलगा असून रडतो?” हे विशेष शाळेतही ऐकू येतं.

या कामाने आयांचं काय झालं तेही सांगितलं पाहिजे. एकदा पालकसभेत, म्हणजे आयांच्या सभेतच, कारण वडील क्वचितच येतात, मी मुलांची कार्डं त्यांच्यापुढे ठेवली. म्हटलं, आज तुम्हाला काय वाटतंय ते उचला. बराच वेळ कोणी हात पुढे केला नाही. एक म्हणाली, “बाई, हे आम्हाला कुणी विचारत नाही.” दुसरीने सगळी कार्डं चाळली आणि विचारलं, “यात ‘दमले’ नाही का?” नव्हतं. आमच्या सगळ्या संचात ‘दमले’ नावाचं कार्डच नव्हतं. ते आम्ही त्या दिवशी केलं. मग ‘आमच्यानंतर हिचं काय’ ही भीती निघाली, नवऱ्याचा, सासूचा राग निघाला, देवाचाही निघाला. ज्या बाईला स्वतःचा राग कधी राग म्हणू दिला नाही, ती मुलीला तो शब्द कुठून देणार? स्त्रीमुक्तीच्या शिबिरांमध्ये गोल करून बसून आपण हेच तर करत आलो : जे सोसतो त्याला नाव देणं.

यावर आक्षेप असतात. पहिला, मुलं हट्टी होतात. होतात, खरं आहे. सुरुवातीला फार होतात. नवा शब्द मिळाला की कोणीही तो दिवसभर वापरतं. दीड-दोन महिन्यांत ओसरतं. आणि हट्टी मुलगी सांभाळणं कठीण असलं तरी, कोणीही हात धरून नेऊ शकेल अशी मुलगी सांभाळणं त्याहून कठीण आहे.

दुसरा आक्षेप मला जास्त गंभीर वाटतो. अत्याचार टाळण्याची जबाबदारी आता त्या मुलीवरच टाकायची का? मुळीच नाही. गाडीत दुसरी बाई असणं, मुलं सोडायचा क्रम कोणी ठरवला हे तपासणं, कर्मचाऱ्याची चौकशी करून नेमणूक करणं, ही शाळेची कामं आहेत आणि ती आमच्या शाळेने केली नव्हती. तिने सांगितलं नसतं तरी दोष तिचा नव्हता. पण ती सांगते आहे आणि आपल्याला ऐकू येत नाही, हा दोष आपलाच.

इथे एक सावधगिरी. कार्डं, चित्रं हे सगळं आधी शिकवण्यासाठी आहे. काही घडल्याचा संशय आला, तर कार्डं घेऊन मुलीची उलटतपासणी घेत बसू नका. आपण सुचवलेले शब्द तिच्या तोंडी जातात आणि पुढे न्यायालयात तिचंच म्हणणं कच्चं ठरवलं जातं. ती जे म्हणेल ते तिच्याच शब्दांत लिहून ठेवा आणि तक्रार करा.

कायदा आता २००४ सालासारखा राहिलेला नाही. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार अपंग बालकाचा जबाब घेताना विशेष शिक्षकाची किंवा त्याची भाषा समजणाऱ्या माणसाची मदत घेता येते. २०१३ पासून अपंग स्त्रीची लैंगिक अत्याचाराची तक्रार तिच्या घरी किंवा तिला सोयीच्या ठिकाणी, दुभाषा किंवा विशेष शिक्षकाच्या मदतीने आणि चित्रीकरण करून नोंदवायची आहे. २०२४ च्या जुलैत लागू झालेल्या नव्या संहितेतही ही तरतूद आहे. “हिला विचारून उपयोग आहे का?” असं आज कोणी म्हटलं, तर कायदा आपल्या बाजूने आहे. पण दुभाषा असून भागत नाही. तिच्याकडे भाषाही हवी. ती चौकीवर शिकवता येत नाही. ती आधीच्या दहा वर्षांत शिकवावी लागते.

आपल्या चळवळीचं या मुलींशी जुनं नातं आहे. १९९४ साली पुणे जिल्ह्यातल्या शिरूरच्या शासकीय संस्थेतल्या काही मुलींची गर्भाशयं पुण्यात शस्त्रक्रिया करून काढली गेली. पाळीची स्वच्छता राखता येत नाही आणि गरोदर राहण्याची भीती, ही कारणं दिली गेली. स्त्री-संघटनांनी आवाज उठवला आणि पुढच्या शस्त्रक्रिया थांबल्या. मी तेव्हा तरुण शिक्षिका होते. आमच्या शिक्षककक्षात बहुतेकींचं मत ‘बरंच झालं की’ असं होतं. मी गप्प बसले. त्या मुलींना काय वाटतं, हा प्रश्न आमच्यापैकी एकीलाही सुचला नाही. पंधरा वर्षांनी, २००९ साली, चंडीगढच्या एका संस्थेतल्या बौद्धिक अक्षमता असलेल्या तरुणीचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. बलात्कारातून ती गरोदर होती आणि तिला मूल हवं होतं. न्यायालयाने तिची इच्छा मानली. तिला ती सांगता आली म्हणून मानली गेली, हे विसरू नये.

तेव्हा आपल्याला काय करता येईल? प्रत्येक विशेष शाळेत मुलासाठी वैयक्तिक शिक्षण आराखडा करतात. त्यात रंग, आकडे, बटण लावणं यांच्याबरोबर ‘नकार देता येतो का, भीती सांगता येते का’ हे कलम हवं. पालक म्हणून, विश्वस्त म्हणून, शेजारीण म्हणून त्याची मागणी करा. पॉक्सोच्या नियमांप्रमाणे जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे दुभाषे आणि विशेष शिक्षक यांची नोंदवही असायला हवी. आपल्या जिल्ह्याच्या कार्यालयात जाऊन ती बघायला मागा; त्यात नावं आहेत का, ती माणसं अजून तिथे राहतात का, विचारा. आणि आपल्या शिबिरांना या आयांना बोलवा, मुलींसकट बोलवा. मुली मध्येच ओरडतील, तर ओरडू देत.

त्या दिवशी निघण्यापूर्वी मी आणि त्या वर्गाच्या बाईंनी मिळून सगळे चिमटे काढले आणि मुलांच्या हातात दिले. अर्धा तास नुसता गोंधळ झाला. काहींनी खिशात घातले, एकीने दाताखाली धरला. झुलणाऱ्या मुलाने आपला चिमटा तक्त्यावर लावलाच नाही. तो उठला आणि खडखडणाऱ्या पंख्याच्या बटणाला लावून आला. बाईंनी पंखा बंद केला. त्याने कानांवरचे हात काढले.

तुमच्या गावात अशी शाळा असेल तर जाऊन या. भिंतीवर असा तक्ता असेल तर चिमटे कुठे आहेत ते बघा, आणि सगळे एकाच चेहऱ्याखाली दिसले तर ते कोणी लावले हे विचारा. काय उत्तर मिळालं ते मला जरूर कळवा.